संकोच सोडा, म्हाताऱ्या कुत्र्याचे अंडकोष तपासा

घरात ७ वर्षांच्या वरचा, नसबंदी न झालेला नर कुत्रा असेल तर हा मजकूर वाचून झाल्यावर आजच एक काम करा. त्याला शांतपणे उभा करा किंवा कुशीवर झोपवा आणि त्याचे दोन्ही अंडकोष हाताने तपासा. दोन आहेत का, साधारण सारखे आहेत का, कुठे कडक गाठ लागते का, एवढंच बघायचं आहे. दोन मिनिटांत होतं. कुत्र्याचे कान, दात, नखं, डोळे हौसेने तपासणारी माणसंही नेमक्या याच जागेला हात लावत नाहीत. संकोच वाटतो, किंवा तिथे बघायचं असतं हेच कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे आमच्याकडे येणारे म्हातारे नर कुत्रे फार उशिरा येतात.

मी पशुवैद्य आहे आणि हे आवाहन करण्याचं कारण सरळ आहे. नसबंदी न झालेल्या वयस्कर कुत्र्यांमध्ये अंडकोषाच्या गाठी हा नेहमी आढळणारा आजार आहे. साधारण १० वर्षांच्या आसपास त्या सापडतात. यातल्या बहुतेक गाठी शरीरात दुसरीकडे पसरत नाहीत. वेळेवर अंडकोष काढले की कुत्रा बरा होतो, बहुतेकदा पुढे कसलेही उपचार लागत नाहीत. गाठीच्या आजारात इतकी चांगली बातमी पालकांना देण्याची संधी आम्हाला फार कमी वेळा मिळते. तरीही याच आजाराने कुत्रे दगावतात, आणि त्यात उशिराचा वाटा सगळ्यांत मोठा असतो.

फसगत कशी होते ते सांगतो, कारण ती ठरावीक वळणाने होते. १० वर्षांचा पॉमेरेनियन येतो. पोटाच्या दोन्ही बाजूंचे आणि मांड्यांच्या मागचे केस विरळ झालेले, डोकं आणि पाय मात्र केसाळ. खाजवत नाही. फाईल जाड असते: खरजेची इंजेक्शनं, बुरशीचा शाम्पू, ॲलर्जीच्या गोळ्या, मग चिकन बंद, मग दूध बंद. सोबत आलेल्या काकू सगळं तारीखवार सांगतात आणि शेवटी आवाज खाली घेऊन म्हणतात, "डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. याची आचळं मोठी झालीत. आणि खाली नेला की सोसायटीतले कुत्रे याच्यावरच चढायला बघतात. हा तर नर आहे ना?"

खरी तक्रार हीच असते, आणि ती तोंडावर यायला कित्येक महिने गेलेले असतात. हात लावून बघितलं की एक अंडकोष मोठा, कडक आणि उंचसखल लागतो, तर दुसरा आक्रसून अगदी लहान झालेला. लिंगाचं आवरण लोंबायला लागलेलं असतं. काही कुत्र्यांमध्ये त्या आवरणाखालून अंडकोषाच्या पिशवीकडे जाणारी एक बारीक लालसर किंवा काळपट रेघ दिसते. ही रेघ दिसली की अंडकोषात गाठ आहे असं धरूनच पुढच्या तपासण्या कराव्यात. पालकांचं लक्ष बहुधा लहान झालेल्या अंडकोषाकडे जातं आणि "हा वाळलाय का?" असा प्रश्न येतो. आजार मोठ्यात असतो. त्यातून निघणाऱ्या संप्रेरकामुळे दुसऱ्याचं काम थांबतं आणि तो लहान होतो.

अंडकोषाच्या गाठी मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. शुक्रजंतू ज्यांच्यापासून तयार होतात त्या पेशींची सेमिनोमा, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लेडिग पेशींची, आणि शुक्रजंतूंचं पोषण करणाऱ्या सर्टोली पेशींची. लेडिग पेशींची गाठ अनेकदा इतकी लहान असते की हाताला लागतही नाही, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती दिसते. सर्टोली पेशींची गाठ वेगळी. तिच्यातून अनेकदा इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं संप्रेरक, जास्त प्रमाणात तयार होतं. आचळं वाढणं, केस जाणं, इतर नरांनी मागे लागणं हे सगळं त्यातूनच येतं. एवढ्यावर थांबलं असतं तर मी इतका घायकुतीला आलो नसतो. हेच इस्ट्रोजेन हाडांतल्या मज्जेवर, जिथे रक्तपेशी तयार होतात तिथे, घाला घालतं. प्लेटलेट कमी होतात, पांढऱ्या पेशी कमी होतात, रक्त कमी होतं. हिरड्या पांढऱ्या पडतात, पोटाच्या कातडीवर जांभळे ठिपके उठतात, नाकातून रक्त येतं. मज्जा पूर्ण सुकली की अंडकोष काढूनही, रक्त चढवूनही पुष्कळ कुत्रे हाती लागत नाहीत. आचळं फुगली तेव्हाच जो ऑपरेशनला आला, त्याला मात्र काही महिन्यांत पुन्हा केस येतात आणि तो पूर्वीसारखा दिसू लागतो.

इथे माझ्या व्यवसायबंधूंनाही हात जोडून सांगायचं आहे. प्लेटलेट घसरल्या की आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पहिला गोचीडताप येतो, आणि आपल्या भागात तो इतका आहे की ते योग्यच आहे. पण डॉक्सीसायक्लिनचा कोर्स पुरा होऊनही आकडा वर सरकत नसेल आणि समोरचा कुत्रा वयस्कर, नसबंदी न झालेला नर असेल, तर अंडकोष दाबून बघितल्याशिवाय त्याला घरी पाठवू नका. कापसाची काडी लिंगाच्या आवरणात फिरवून एक स्लाइड रंगवली तरी इस्ट्रोजेनचा परिणाम सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतो. ही तपासणी कुठल्याही साध्या दवाखान्यात होते. दरवर्षी रेबीजची लस टोचताना प्रत्येक नर कुत्र्याच्या दोन्ही अंडकोषांना हात लावायचा, एवढा नेम आपण सगळ्यांनी धरला तरी यातले कितीतरी कुत्रे वेळेवर सापडतील.

आता ज्यांच्या कुत्र्याला खाली एकच अंडकोष दिसतो त्यांच्यासाठी. तुमची निकड इतरांपेक्षा जास्त आहे.

"याला जन्मापासून एकच आहे" असं पालक सहज सांगतात. खरोखर एकच अंडकोष असलेला कुत्रा फारच दुर्मिळ. दुसरा असतोच, तो खाली उतरलेला नसतो: पोटात राहिलेला असतो किंवा जांघेत अडकलेला असतो. पिल्लाचे अंडकोष साधारण दोन महिन्यांत पिशवीत येतात. थोडा उशीर झाला तर सहा महिन्यांपर्यंत वाट बघावी, त्यानंतर उतरण्याची आशा धरू नये. पिल्लू विकणारा "उतरेल हो नंतर" म्हणतो आणि पालक विसरून जातात. पिशवीतलं तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी असतं. पोटात मात्र अंडकोष कायम ३८ ते ३९ अंश सेल्सियसला राहतो. तिथे शुक्रजंतू तयार होत नाहीत, पण सर्टोली पेशी जगतात आणि पुढे त्यांची गाठ होऊ शकते. अडकलेल्या अंडकोषात गाठ होण्याचा धोका जागेवरच्या अंडकोषाच्या साधारण १३ पट सांगितला जातो. ही गाठ आत असल्याने हाताला लागत नाही आणि वाढत राहते. कधी गाठीच्या वजनाने तो अंडकोष स्वतःभोवती पिळला जातो. मग कुत्रा अचानक पाठीला बाक काढून उभा राहतो, पोटाला हात लावू देत नाही, उलट्या करतो. तेव्हा सकाळपर्यंत थांबायला वेळ नसतो, रात्रीच ऑपरेशन करावं लागतं.

म्हणून एकच अंडकोष असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत वाट बघू नका. तो लहान असतानाच दोन्ही अंडकोष काढून घ्या. आणि तो आता ९ किंवा १० वर्षांचा झाला असेल तर पोटाची सोनोग्राफी या आठवड्यात करून घ्या. अंडकोष उतरवण्याची इंजेक्शनं देऊन वेळ घालवू नका. हा दोष आनुवंशिक आहे, तेव्हा अशा नराचं कधीही मेटिंग करू नका. पॉमेरेनियन, डॅशहंड, जर्मन शेफर्ड, बॉक्सर पाळणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. आपल्याकडच्या कारवान आणि पश्मीची शुद्ध वंशावळ जपणाऱ्या मंडळींनाही हीच विनंती आहे: नर कितीही देखणा आणि धावरा असला तरी एकच अंडकोष असेल तर त्याच्यापासून पिल्लं घेऊ नका.

दत्तक घेतलेल्या कुत्र्यांचा एक प्रश्न राहतो. खाली दोन्ही दिसत नाहीत म्हणून नसबंदी झाली असेल असं आपण गृहीत धरतो. दोन्ही आत अडकलेलेही असू शकतात. असा कुत्रा पाय वर करून ठिकठिकाणी मुततो, माद्यांच्या मागे जातो, त्याच्याकडून पिल्लं मात्र होत नाहीत. महापालिकेच्या किंवा संस्थेच्या मोहिमेत नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच दिलेली असते. ती नसेल आणि कागदही नसतील, तर रक्तातल्या संप्रेरकाची तपासणी करून खात्री करून घ्या.

तपासायचं कसं? हात कोमट असू द्या. कुत्रा खाऊन-पिऊन, फिरून आलेला, निवांत असावा. एका हाताने अंडकोष पिशवीत हलकेच धरा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा व दोन बोटं त्यावरून फिरवा. निरोगी अंडकोष सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत आणि लवचीक लागतो. डावा उजव्यापेक्षा किंचित मागे असतो, त्याची काळजी नको. मागच्या टोकाला एक छोटा टणक उंचवटा लागतो. ती शुक्रवाहिनीची वळकटी, प्रत्येक कुत्र्याला असते. तिला गाठ समजून घाबरू नका. पहिल्यांदा बघताना हे सगळं कळणार नाही. महिन्यातून एकदा तोच हात त्याच जागी फिरला की आपल्या कुत्र्याचं नेहमीचं कसं लागतं ते बोटांना माहीत होतं, आणि मग बदल लगेच जाणवतो. कुत्र्याला आंघोळ घालणाऱ्या मावशींना आणि सकाळ-संध्याकाळ फिरायला नेणाऱ्या पोरालाही हे दाखवून ठेवा. अनेक घरांत कुत्र्याच्या अंगाला रोज हात लागतो तो त्यांचाच.

वयानुसार थोडा फरक पडतोच. म्हाताऱ्या कुत्र्याचे दोन्ही अंडकोष सावकाश थोडे लहान आणि मऊ होतात, पिशवीची कातडी जाड आणि काळी पडते. दोन्हीकडे सारखं आणि हळूहळू होत असेल तर ते वय आहे. एकाच बाजूला होत असेल, पटकन होत असेल, दुखत असेल, तर तो आजार समजा.

अचानक सुजलेला, गरम, हात लावू न देणारा अंडकोष म्हणजे जंतुसंसर्गाची शक्यता. त्यात ब्रुसेला कॅनिस नावाचा जंतू असू शकतो. तो मेटिंगमधून पसरतो, माद्यांचे गर्भ पाडतो आणि माणसालाही लागू शकतो. हातमोजे न घालता अशा कुत्र्याचा स्राव पुसू नका, घरातल्या गरोदर बाईला आणि लहान मुलांना लांब ठेवा, आणि त्याची रक्ततपासणी होईपर्यंत तो कुठल्याही मादीजवळ जाता कामा नये. पैसे घेऊन नर लावणाऱ्यांनी ही तपासणी केल्याशिवाय मेटिंग करूच नये. म्हातारा नर अजून चढतो, म्हणजे तो ठणठणीत आहे असंही समजू नका. इच्छा शिल्लक राहते, पण वीर्यात विकृत शुक्रजंतूंचं प्रमाण वाढत जातं. कुत्र्यात शुक्रजंतू तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे जूनमधल्या तापाचा परिणाम ऑगस्टमध्ये दिसतो.

पिशवीवरची कातडी फार नाजूक असते. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवर बसूनही ती भाजते. तिथे जळकं ऑइल, रॉकेल, जंतुनाशकाचा फवारा यांतलं काहीही लावू नका. पावसाळ्यात त्या घड्यांत गोचिडी दडतात, त्या रोज बघून काढा.

प्रोस्टेटबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण अंडकोष शाबूत असलेल्या जवळपास प्रत्येक म्हाताऱ्या कुत्र्याला त्याच्याशी गाठ पडते. पाच वर्षांवरच्या अशा कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांत प्रोस्टेट वाढलेली आढळते. माणसात हाच प्रकार होतो तेव्हा लघवी अडते, म्हणून घरातल्या आजोबांचा त्रास सगळ्यांना कळतो. कुत्र्यात वाढलेली प्रोस्टेट आतड्याच्या शेवटच्या भागावर दाब आणते, त्यामुळे तो शी करताना कुंथतो आणि शी चपटी पडते. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ आहे, म्हणून भोपळा दे, इसबगोल दे, तूप दे असं चालू राहतं. दुसरी खूण म्हणजे लघवी करत नसतानाही लिंगाच्या टोकावरून पडणारे रक्ताचे थेंब. फरशीवर, गादीवर डाग दिसले तर उन्हाळी लागली म्हणून सोडून देऊ नका. अंडकोष काढले की ही साधी वाढ काही आठवड्यांत झपाट्याने ओसरते, आणि त्याहून खात्रीचा उपाय नाही. ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही त्यांच्यासाठी औषधं आहेत, पण ती पशुवैद्याने ठरवायची. आजोबांच्या प्रोस्टेटच्या गोळ्या कुत्र्याला आपल्या मनाने देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर कधीच देऊ नका, त्या कुत्र्याला घातक आहेत.

रक्ताचे थेंब बाहेर भटकणाऱ्या कुत्र्यात दिसले तर संभोगातून पसरणारी गाठही असू शकते. लिंगावर लालभडक, फुलकोबीसारखी वाढ दिसते. एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जिवंत पेशींनीच पसरणारा हा कर्करोग आहे. आपल्या रस्त्यांवर तो भरपूर आहे. आठवड्याला एक असं व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन काही आठवडे दिलं की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या ताई-दादांनो, असा कुत्रा दिसला तर त्याला आसपासच्या संस्थेकडे पोचवा आणि त्याच खेपेला नसबंदीही करून घ्या.

गुदद्वाराच्या बाजूला मऊ फुगा आला असेल तर तो हर्निया असू शकतो. त्यात मूत्राशय सरकून लघवी बंद झाली, तर ते जिवावर बेततं. गुदद्वाराभोवतीच्या बारीक गाठीही नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या नरांनाच जास्त होतात. दोन्हीत अंडकोष काढणं हा उपचाराचा भाग असतो.

"या वयात भूल सोसेल का, डॉक्टर?" हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो आणि तो मला कधीच चुकीचा वाटत नाही. वय हा आजार नाही. रक्ताची तपासणी, प्लेटलेट, मूत्रपिंड-यकृताचे आकडे, छातीचा एक्स-रे, हृदयाची तपासणी हे सगळं बघून भूल द्यायची असते. १० वर्षांच्या कुत्र्याची ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि रक्त कमी झालेल्या, मज्जा सुकलेल्या त्याच कुत्र्याची मध्यरात्रीची शस्त्रक्रिया यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जोखीम पहिल्यातही असते, दुसऱ्यात ती अनेक पटींनी वाढते.

गावाकडे एक भीती हमखास बोलून दाखवतात: अंडकोष काढले की कुत्रा राखण करायचा नाही. कुत्रा राखण करतो ती घराच्या ओढीने. अनोळखी माणसावर भुंकणं ऑपरेशननंतर जात नाही. भूक थोडी वाढते, म्हणून भाकरी मोजून द्यायची. "एकदा तरी मेटिंग व्हायला हवं" हाही समज आहे. त्याने आरोग्याला कसलाही फायदा होत नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, कारण ती लपवणं चूक ठरेल: नसबंदीने प्रोस्टेटचा कर्करोग टळत नाही. तो क्वचित होतो आणि नसबंदी झालेल्या कुत्र्यांतही होतो. मोठ्या जातीच्या अगदी लहान पिल्लाची नसबंदी कधी करावी हा वेगळा विषय आहे, त्यात सांध्यांचा विचार करावा लागतो आणि तो निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यावा. आज मी बोलतोय ते पांढरी मिशी आलेल्या कुत्र्यांबद्दल.

काढलेला अंडकोष फेकून देऊ नका. तो फॉर्मलिनमध्ये घालून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायला सांगा. कुठल्या प्रकारची गाठ होती हे तिथेच नक्की कळतं आणि पुढे काय बघत राहायचं ते ठरतं. खर्चाची अडचण असेल त्यांनी पशुवैद्यक महाविद्यालयांच्या चिकित्सालयात जावं. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीरला महाविद्यालयं आहेत. तालुक्याच्या गावी सरकारी गुरांच्या दवाखान्यात निदान हात लावून तपासणी तरी नक्की होते. तिथे जाऊन "कुत्र्याचे अंडकोष बघा" असं स्पष्ट शब्दांत सांगा. "जरा खाली काहीतरी वाटतंय" असं म्हटलं की गर्दीत ते राहून जातं.

भाद्रपद तोंडावर आला आहे. नसबंदी न झालेले नर या दिवसांत कुंपणं उडी मारून जातात, चार-चार दिवस घरी येत नाहीत, भांडणात फाटून येतात, नको ते आजार घेऊन येतात. म्हातारा कुत्रा या धावपळीत सगळ्यांत आधी खचतो. त्याआधी त्याची एकदा तपासणी करून घ्या. दोन्ही अंडकोष सारखे लागत नसतील, आचळं फुगली असतील, अंगावरचे केस दोन्ही बाजूंनी सारखे गेले असतील, रक्ताचे थेंब पडत असतील, तर उद्या सकाळी दवाखान्यात या. आणि ज्याला खाली एकच अंडकोष आहे, त्याच्यासाठी सोनोग्राफीची वेळ आजच फोन करून घ्या.